शेवटचा शब्द स्टिअरिंगचा

"सर, गिअर टाका," मी म्हणाले, आणि गाडीतलं बोलणं एकदम बंद पडलं.

तीन वर्षं मी त्या गाडीच्या मागच्या सीटवर बसून वाई ते पाचगणी ये-जा करत होते. एवढ्या काळात गाडी कशी चालवावी याबद्दल जमदाडे सरांपुढे कुणी चकार शब्द काढला नव्हता. पण त्या शनिवारी संध्याकाळी पसरणी घाट उतरताना, एका वळणावर स्ट्रॉबेरीचे क्रेट लादलेला टेम्पो आमच्या पुढे अचानक थांबला. सरांनी ब्रेक दाबला, पुन्हा दाबला, तिसऱ्यांदा पार खालपर्यंत दाबला, तेव्हा कुठे गाडी टेम्पोच्या मागच्या फळीपासून हातभर अंतरावर थांबली. माझ्या मांडीवरचा केकचा डबा पुढच्या सीटवर आपटला. गाडीत काहीतरी करपल्याचा वास भरला. मग टेम्पो हलला, सरांनी ब्रेकवरचा पाय काढला, आणि गाडी पुन्हा तशीच न्यूट्रलमध्ये घरंगळू लागली. तेव्हा माझ्या तोंडून ते वाक्य निघून गेलं.

सरांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणालीस?"

"गिअर, सर. घाट ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, असं ड्रायव्हिंगच्या क्लासमध्ये शिकवलं होतं."

"क्लासमध्ये," सर म्हणाले. आणि त्यांनी गिअर टाकला.

बारा-तेरा वर्षं झाली या गोष्टीला. तारीखही मला पक्की आठवते, आठ डिसेंबर, कारण माझ्या मुलीचा, सईचा, तो चौथा वाढदिवस होता. केक पाचगणीच्या बेकरीतून घेतला होता. घरी डबा उघडला तेव्हा 'सई'मधली 'ई' डब्याच्या झाकणाला चिकटलेली होती.

गाडीत आम्ही चौघं असायचो. जमदाडे सर पाचगणीच्या एका निवासी शाळेत सुतारकाम शिकवायचे, मी त्याच शाळेच्या ऑफिसात क्लार्क होते. बाबरभाऊ तिथल्या नगरपालिकेत पाणीपुरवठ्याला होते आणि शमीमताई नायकवडी एका दवाखान्यात नर्स. गाडी सरांची, पेट्रोल सगळ्यांचं. सर अठ्ठावन्नला आले होते, अंगाने सडपातळ, बोटं लाकडासारखीच टणक. कानामागे सुताराची जाड चपटी पेन्सिल कायम खोचलेली, अगदी गाडी चालवतानासुद्धा. जे काही हाताखालून जाईल त्यावर तारीख टाकायची त्यांना सवय होती. सईसाठी त्यांनी एक छोटं स्टूल बनवून दिलं होतं, त्याच्या पोटाखालीही त्या पेन्सिलीने तारीख घातलेली होती.

आमच्या गाडीत गप्पा नसायच्या, वाद असायचे. हेल्मेटची सक्ती असावी की नसावी, यावर आम्ही तीन आठवडे घालवले होते. टोल, पाचगणीच्या बाजारपेठेतलं पार्किंग, एकेरी वाहतूक, मोबाइलवरचा नकाशा खरा की चहाच्या टपरीवरचा माणूस खरा, सगळं होऊन गेलं होतं. बाबरभाऊ सरकारच्या पगारावर जगून सरकारच्या प्रत्येक निर्णयाच्या विरोधात असायचे. शमीमताई हेल्मेटच्या बाजूने दोनच वाक्यं बोलायच्या, पण दवाखान्यात पाहिलेलं बोलायच्या, त्यामुळे बाबरभाऊ घाईघाईने विषय टोलकडे न्यायचे. आणि या सगळ्याला एक नियम होता. वाद कितीही रंगो, त्यातलं शेवटचं वाक्य गाडी चालवणाऱ्याचं. सर एकदा "चला, झालं" म्हणून जे बोलतील त्यावर पुन्हा बोलायचं नाही. शेवटचा शब्द स्टिअरिंगचा, असं ते म्हणायचे. गाडी रोज तेच चालवत असल्यामुळे तीन वर्षांत एकही वाद ते हरले नव्हते.

त्यातला सगळ्यात जुना निकाल न्यूट्रलचा होता. पाचगणी संपून उतार लागला की सर गाडी न्यूट्रलला टाकत, ती थेट पसरणी गावापर्यंत. "आता देवाचं पेट्रोल," असं म्हणत. जुन्या गाडीत तर ते इंजिनच बंद करायचे. त्या दसऱ्याला त्यांनी नवी गाडी घेतली, तिच्यात समोर लिटरला किती किलोमीटर पडतात त्याचे आकडे दाखवणारी छोटी काच होती, पण सरांनी तिच्यावर फक्त घड्याळ लावून ठेवलं होतं. आकडे बघून गाडी चालवणारा माणूस रस्ता कधी बघणार, असं त्यांचं म्हणणं.

मला त्या उताराची रोज भीती वाटायची. गाडी हलकी होऊन सुटल्यासारखी व्हायची आणि मी मागे बसून पायाने नसलेला ब्रेक दाबायचे. पण बोलायचं धाडस नव्हतं, कारण त्या सीटवर माझं सगळं उभं होतं. आमचं ऑफिस साडेपाचला सुटायचं आणि सव्वापाचची एसटी निघून गेलेली असायची. पुढची सातनंतर. सईचं पाळणाघर साडेसहाला बंद व्हायचं, नवरा शिरवळच्या कारखान्यात शिफ्टमध्ये. सरांची गाडी होती म्हणून माझी नोकरी होती. आणि मी गाडीच्या मालकाला, तेही सगळ्यांसमोर, गाडी कशी चालवायची ते सांगून बसले होते.

तो रविवार मी तोंड मिटून काढला. एरवी माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, पण त्या दिवशी नवऱ्याला काही सांगायचीही लाज वाटली. सोमवारी सकाळी नेहमीच्या कोपऱ्यावर उभी राहिले. गाडी येईल की नाही याची मला खरंच खात्री नव्हती.

गाडी आली. सरांनी मला बसू दिलं, दार लागल्याचा आवाज ऐकला आणि गाडी न हलवता मागे वळले.

"वृंदा, गिअरमध्ये उतरलं तर पेट्रोल जास्त जळतं. बरोबर?"

मला एवढंच माहीत होतं की ब्रेक तापतात. पेट्रोलचं मला ठाऊक नव्हतं. पण क्लासच्या लोखंडे सरांनी नव्या गाड्यांचं काहीतरी उलट सांगितलं होतं, ते अर्धवट आठवलं. मी म्हणाले, "नव्या गाडीत नसेल जळत."

"मग पैज. दोन दिवस. आज न्यूट्रलमध्ये उतरू, हळूहळू, पुढे-मागे बघून. उद्या गिअरमध्ये. काचेवर आकडा लावू. बाबर वाचेल."

"आणि हरलं तर?" शमीमताईंनी विचारलं.

"ती हरली तर महिनाभर माझ्या गाडी चालवण्यावर बोलायचं नाही. मी हरलो तर महिनाभर घाट उतरताना गाडी तिनं चालवायची."

बाबरभाऊंनी जरा हिशेब केला आणि मोठ्यानं हसले. "आवो सर, म्हंजी दोन्हीकडनं वृंदाताईच मरतीय की."

खरंच होतं ते. माझ्याकडे लायसन्स होतं, पण ते काढल्यापासून मी वाईच्या बाहेर गाडी नेली नव्हती. घाटात तर स्वप्नातही नाही. नुकतंच दिवाळीच्या आधी सर एकदा सहज म्हणाले होते, वृंदा, चालव की आज, मी बसतो शेजारी. मी दोन्ही हात जोडले होते. आता नाही म्हणायची सोय नव्हती. नाही म्हटलं असतं तर शनिवारचं माझं वाक्य नुसती आगाऊपणाची बडबड ठरली असती. मी पैज घेतली.

त्या संध्याकाळी बाबरभाऊ पुढच्या सीटवर बसले आणि समालोचन सुरू केलं. न्यूट्रलमध्ये आकडा साठ, सत्तर, पुन्हा पासष्ट असा फिरत होता. एका लिटरला सत्तर किलोमीटर म्हणजे मोटरसायकललासुद्धा लाजवणारा आकडा. माझं तोंड पडलं. शमीमताईंनी माझा हात दाबला.

दुसऱ्या दिवशी सरांनी तिसरा गिअर टाकला, अवघड वळणांवर दुसरा, आणि एक्सलरेटरवरचा पाय काढून घेतला. इंजिन गुरगुरायला लागलं, गाडी धरून ठेवल्यासारखी उतरू लागली.

"आकडा अडकला," बाबरभाऊ म्हणाले.

"किती?"

"नव्व्याण्णव पॉइंट नऊ. हलतच न्हाई. बिघडली वाटतं काच."

"बिघडली नाही," सर म्हणाले. "त्याच्या पुढचा आकडा नाहीये तिच्याकडे. पेट्रोल जातच नाहीये इंजिनात. चाकंच फिरवतायत त्याला."

बाबरभाऊंना ते पटायला दोन वळणं लागली. मग त्यांनी काचेवर टिचकी मारून बघितली, पंखा बंद करून बघितला, आणि शेवटी सरांकडे वळून विचारलं की मग आपण इतकी वर्षं काय केलं. सर म्हणाले, जुन्या गाडीत बरोबर होतं, नवीत चूक आहे, मी हरलो. चला, झालं.

हेल्मेटवर तीन आठवडे झुंजलेला माणूस तीन मिनिटांत हरला म्हणाला, याचं मला तेव्हा नवल वाटायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. उद्या मला हा घाट उतरवायचा होता.

बुधवारी संध्याकाळी पाचगणी संपल्यावर सरांनी गाडी कडेला घेतली आणि उतरले. मी स्टिअरिंगवर बसले तेव्हा माझे तळहात इतके ओले होते की मी ते साडीला दोनदा पुसले. मागे बाबरभाऊंनी मोठ्यानं गणपतीचं नाव घेतलं आणि शमीमताईंनी त्यांना गप्प केलं. सर शेजारी बसले, डावा हात दाराच्या कडीला, उजवा हँडब्रेकजवळ. "दुसरा टाक आणि विसरून जा," म्हणाले.

डिसेंबरात निम्मा घाट उतरेपर्यंत अंधारून यायचं. खालून येणाऱ्या गाड्यांचे लाइट वळणावळणाला अंगावर यायचे, त्यातले ते नवे पांढरे तर डोळ्यांत भाला खुपसल्यासारखे. या पांढऱ्या लाइटांवर त्या पावसाळ्यापासून सरांचा विशेष राग होता. सरकारने हेल्मेटच्या मागे लागण्यापेक्षा यांच्यावर बंदी आणावी, असं ते रोज एकदा तरी म्हणायचे. शमीमताई त्यांना एकदा म्हणाल्या होत्या, सर, एकदा डोळे दाखवून घ्या. त्यावर सरांनी निकाल दिला होता की डोळे माझे ठीक आहेत, लाइट त्यांचे बिघडलेत.

पहिला तसला लाइट आला आणि मला समोरचं काही दिसेना. मी ब्रेकवर पाय घातला.

"समोर बघू नकोस," सर शांतपणे म्हणाले. "डावीकडची पांढरी रेघ बघ. रेघ धरून चल. लाइट गेला की मग वर बघ."

मी रेघ धरली. लाइट निघून गेला. पुढचा आला, तोही गेला. थोडं पुढे गेल्यावर सर म्हणाले, "आता पुढच्या वळणाला वीसेक पावलं रेघ पुसलेली आहे. तिथं नुसता कठडा धर." आणि खरंच तिथे रेघ नव्हती. आणखी दोन ठिकाणी रेघ तुटली होती, त्या दोन्ही जागा त्यांनी मला आधी सांगितल्या. घाटातली देवळं, टपऱ्या सगळ्यांनाच पाठ असतात. रेघ कुठे पुसली आहे हे पाठ असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. तेव्हा मला वाटलं, शिकवण्याचा पेशा आहे, लक्ष असणारच.

पसरणी गावात आल्यावर मी गाडी थांबवली आणि हँडब्रेक ओढला. बाबरभाऊ म्हणाले, "वाईट न्हाई चालवली. सरांपेक्षा बरी." मी इतकी खूश झाले की त्या दिवशी पाळणाघरातून सईला कडेवर घेऊन घरापर्यंत धावत गेले. कोपऱ्यावरच्या भाजीवालीलाही सांगितलं की मी घाट उतरवला.

महिना कसा गेला कळलं नाही. उतरताना गाडी माझी, म्हणून उतरतानाच्या वादांचा निकालही माझ्याकडे आला. हेल्मेटचा खटला मी पुन्हा उघडला आणि शमीमताईंच्या बाजूने बंद केला. बाबरभाऊ म्हणाले, हे अपिलात टिकणार न्हाई. सर म्हणाले, शेवटचा शब्द स्टिअरिंगचा, आणि कानामागची पेन्सिल काढून खिडकीच्या काचेवर उगाच टकटक करत बसले.

महिना संपला त्या दिवशी मी किल्ली त्यांच्यापुढे धरली. त्यांनी घेतली नाही. "अजून पक्की नाहीस," म्हणाले. फेब्रुवारीत त्यांनी आठ दिवसांची रजा काढली आणि काळा चष्मा लावून परत आले. मोतीबिंदू काढला, म्हणाले, किरकोळ गोष्ट. नंतर सकाळचा चढही ते अधूनमधून मलाच देऊ लागले. मला यातून काहीतरी कळायला हवं होतं, पण मी तेव्हा वळणं घेण्यात रमले होते. मी शाळेच्या पाहुण्यांना आणायला साताऱ्याला गाडी नेली, नवरा आजारी पडला तेव्हा पुण्याला नेली. जी बाई मागे बसून नसलेला ब्रेक दाबत होती ती मीच का, असं मला कधीकधी वाटायचं.

दोन वर्षांनी सर निवृत्त झाले. गाडी त्यांनी आमच्याकडेच दिली, म्हणाले, घाटातली गाडी घाटातच राहू दे. ये-जा तीच, फक्त पुढच्या सीटवर आता बाबरभाऊ. एका रविवारी मी गाडी आतून पुसायला काढली. डॅशबोर्डच्या कप्प्यात, पावत्या आणि फडकी यांच्या खाली, गाडीबरोबर आलेलं माहितीपुस्तक होतं. ते सहज उघडलं तर एका पानावर जाड पेन्सिलीची रेघ दिसली.

उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून एक्सलरेटर सोडल्यास इंजिनाचा इंधनपुरवठा बंद होतो, न्यूट्रलमध्ये तो चालू राहतो, असं तिथे लिहिलेलं होतं. ओळ दोनदा अधोरेखित केली होती. आणि समासात, त्यांच्या सवयीप्रमाणे, तारीख. नऊ डिसेंबर.

सईच्या वाढदिवसाचा दुसरा दिवस. ज्या रविवारी मी भीतीने घरात गप्प बसून होते, त्या रविवारी सर ही ओळ वाचत बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पैज लावली तेव्हा आपण हरणार हे त्यांना ठाऊक होतं.

मी फडकं हातात धरून तशीच गाडीत बसले. पांढरे लाइट, पाठ असलेली पुसकट रेघ, तीन मिनिटांत मान्य केलेली हार, न घेतलेली किल्ली, काळा चष्मा, सगळं एका रांगेत येऊन उभं राहिलं. संध्याकाळी त्यांना घाटातलं दिसत नव्हतं. तसं सांगितलं असतं तर गाडी बंद झाली असती आणि आम्ही तिघं एसटीच्या स्टँडवर. मला सरळ विचारून झालं होतं, मी हात जोडले होते. मग त्यांनी माझंच वाक्य उचललं आणि मला त्यात अडकवलं. थोडी भीतीही वाटली, की त्या पावसाळ्यापासूनची प्रत्येक संध्याकाळ आम्ही एका पांढऱ्या रेघेच्या भरवशावर उतरलो. पण त्याहून जास्त मला रडू आलं, आणि रडता रडता हसू. आपली हार इतक्या काळजीने रंधा मारून कुणाच्या हाती देणारा माणूस मला पुन्हा भेटलेला नाही.

मी शमीमताईंना ते पान दाखवलं. त्या वाचून म्हणाल्या, "डोळ्यांचं मला माहीत होतं. पैजेचं नव्हतं." आणि पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं.

सरांना मी काही विचारलं नाही, कितीतरी वर्षं. मग गेल्या हिवाळ्यात शाळेत मुलांच्या लाकडी कामांचं प्रदर्शन होतं, त्याला ते पाहुणे म्हणून आले. सत्तरी ओलांडलेली, पण पेन्सिल कानामागेच. परत जाताना मी म्हटलं, मी सोडते. गाडी आता दुसरी आहे, पण ते माहितीपुस्तक मी नव्या गाडीच्या कप्प्यातही ठेवलं आहे. पाचगणी संपली, उतार लागला, समोर दरीत वाईचे दिवे लागायला सुरुवात झाली होती. मी दुसरा गिअर टाकला. सरांनी समाधानाने इंजिनाचा आवाज ऐकला.

"सर," मी म्हणाले, "ती पैज तुम्ही हरायची ठरवूनच लावली होती ना?"

त्यांनी डावीकडच्या रेघेकडे बघितलं. आता रेघ नवी आहे, कुठेच तुटत नाही.

"काहीतरीच काय," ते म्हणाले. "न्यूट्रलनं पेट्रोल वाचतं. माझं मत आजही तेच आहे."

गाडी मी चालवत होते, म्हणजे शेवटचा शब्द माझा होता. पुस्तक त्यांच्या गुडघ्यासमोरच्या कप्प्यात होतं, नऊ डिसेंबरसकट. हात लांब केला की झालं असतं.

"वाचत असेल, सर," मी म्हणाले, आणि पुढचं वळण घेतलं.